मंडी हाऊसची चार नाटकं

सध्या पोस्टिंग मथुरेला आहे. मथुरेहून दिल्ली रेल्वेने दोन-अडीच तासांची. या हिवाळ्यात तीन दिवसांची रजा मिळाली. तेवढ्यात सिंधुदुर्गात जाऊन परत येणं काही जमणारं नव्हतं, म्हणून मी आणि सौ. दिल्लीला नाटकं बघायला गेलो. सोबत आमच्या बॅटरीतला एक हवालदार आला. (बॅटरी म्हणजे तोफखान्यातली कंपनी म्हणा.) हा गडी छत्तीसगढचा, दुर्ग जिल्ह्यातला. त्यानेच फोनवर बघून सांगितलं होतं, "साब, हमारे तरफ का नाटक आ रहा है, चरणदास चोर."

मुक्काम उस्तादांकडे. मी नाशिक रोड कॅम्पला रिक्रूट असताना त्यांनी आम्हाला तोफ शिकवली. मूळचे साताऱ्याकडचे. मुलाची नोकरी दिल्लीत, म्हणून निवृत्तीनंतर तिकडेच राहिले. १९९९ साली ते द्रासला बोफोर्सवर होते. तेव्हापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. ईसीएचएसमधून मिळालेली मशीन कानात घालतात. "मला कशाला नेतोस नाटकाला? अर्धं ऐकू येत नाही," असं म्हणत होते, पण चारही नाटकांना आले.

मंडी हाऊस ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेट्रोचं स्टेशन आहे त्याच नावाचं. बाहेर पडलं की पायी पाच-दहा मिनिटांच्या अंतरात कमानी, श्रीराम सेंटर, एलटीजी आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालय. आपल्याकडे एका शहरात नाट्यगृहं चार दिशांना असतात. इथे एका चौकाभोवती गोळा झाली आहेत. नाट्य विद्यालयाचा भारत रंग महोत्सव १९९९ पासून हिवाळ्याच्या दिवसांत भरतो. पण महोत्सव नसला तरी शनिवार-रविवारी काही ना काही चालू असतंच. बाहेर चहाच्या टपरीवर मफलर गुंडाळलेली पोरंपोरी संवाद पाठ करत उभी असतात.

तीन दिवसांत चार नाटकं पाहिली. दोन आवडली, दोन नाही. पण "नाही" म्हणताना घरात जो वाद झाला, त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

पहिलं चरणदास चोर. हबीब तन्वीर यांनी हे १९७५ साली उभं केलं. मूळ गोष्ट राजस्थानची, विजयदान देथांनी सांगितलेली. ती तन्वीरांनी छत्तीसगढच्या मातीत लावली. खेड्यातले नाचा कलाकार, छत्तीसगढी बोली आणि सतनामी लोकांचं पंथी नृत्य. १९८२ साली या नाटकाने एडिंबरोच्या फ्रिंज महोत्सवात पारितोषिक मिळवलं. आम्ही पाहिला तो प्रयोग तन्वीरांच्या मंडळींचा नव्हता, एका दुसऱ्या संचाचा होता. पण माणसं तिकडचीच होती.

गोष्ट साधी आहे. एक चोर गुरूपुढे थट्टेत शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणुकीत जाणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. चोराच्या वाट्याला हे कशाला येतंय? गुरू आणखी एक शपथ घालतो, खोटं बोलायचं नाही. आणि मग एकेक करून सगळं समोर येतं. ताट येतं, हत्ती येतो, शेवटी राणी स्वतः येते. राणीला तो नाही म्हणतो. निदान हे बाहेर कुणाला सांगू नकोस, असं ती म्हणते, तर तेही जमत नाही, कारण खोटं बोलायचं नाही. त्यात चोराचा जीव जातो.

नाटकात चोरामागे लागलेला एक हवालदार आहे, पोलिसातला. तो रंगमंचावर आला की आमचा हवालदार खुर्चीत सावरून बसायचा आणि सौ. त्याच्याकडे बघून हसायची. सुरुवातीला तो आम्हाला एकेक वाक्य हिंदीत करून सांगत होता. दहा मिनिटांनी त्याने ते सोडून दिलं, कारण तो स्वतःच हसत होता. आमचंही काही अडलं नाही.

शेवटी चोर मारला जातो तेव्हा मात्र तो गप्प झाला. बाहेर आल्यावर म्हणाला, "साब, कसम मज़ाक में खाया था, निभाया सीरियस में."

तोफखान्यातल्या माणसाला हे लागतंच. पायदळाच्या पलटणीला निशाण असतं, आम्हाला वेगळं निशाण नसतं. तोफ हेच आमचं निशाण. कसम परेडला एकोणीस-वीस वर्षांची पोरं शपथ घेतात. त्या वयात कुणाला काय कळत असतं? डोक्यात सुट्टीचे आणि घरच्या जेवणाचे विचार असतात. शब्द तोंडातून जातात आणि त्यांचा अर्थ पुढच्या पंधरा-वीस वर्षांत हप्त्याहप्त्याने वसूल होतो. चरणदास हा फौजी नाही, नाटकात फौजेचा उल्लेखही नाही, पण त्या दिवशी आम्ही तिघेही गणवेशवाले एकाच गोष्टीचा विचार करत मेट्रोत बसलो होतो.

दुसरं नाटक शनिवारी दुपारी. मराठी. दौऱ्यावर आलेलं, विनोदी, नाव सांगत नाही. दिल्लीत मराठी नाटक म्हणजे सण असतो. सभागृह भरलेलं, बायका नऊवारी-पैठणीत, मध्यंतरात वडापाव. खरं सांगतो, नुसतं आजूबाजूला मराठी ऐकूनच मी अर्धा खूश होऊन बसलो होतो.

पण प्रमुख नट काम करत नव्हता, टाळ्या गोळा करत होता. दर पाच मिनिटांनी भूमिका सोडून प्रेक्षकांकडे बघायचा, दिल्लीच्या मेट्रोवर आणि थंडीवर एक शेरा मारायचा, पुन्हा भूमिकेत जायचा. दुसरा अंक अर्ध्या तासात उरकला. पुढच्या गावाची गाडी गाठायची असावी. लोक हसत होते, मीही हसलो. पण ते हसू भाषेच्या भुकेचं होतं. उपाशी माणूस शिळ्या भाकरीलाही छान म्हणतो.

आमच्याकडे दशावतारी नट रात्रभर उभा असतो. संहिता लिहिलेली नसते. कुठलं आख्यान, कुणाचा प्रवेश कधी, एवढं आधी ठरतं आणि बाकी सगळं तोंडावर. रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. समोर पहाटे चार वाजता अर्धी माणसं पेंगत असतात, तरी राजा आपलं राज्य सोडून खाली येत नाही. "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा" असं त्यांच्याबद्दल म्हणतात. सकाळी पेटारा उचलून पुढच्या जत्रेला जाणारा तो माणूस रात्री मात्र पूर्ण राजा असतो. मथुरेला आल्यापासून वृंदावनात रासलीला पाहतो. तिथे कृष्ण झालेल्या दहा-बारा वर्षांच्या पोराच्या पाया म्हाताऱ्या बायका पडतात. त्या पोराला हे पेलावं लागतं, तो मध्येच विनोद करून सुटू शकत नाही. या दौऱ्यावरच्या नटाकडे कला होती, हे पहिल्या पंधरा मिनिटांत दिसलं होतं. म्हणून जास्त वाईट वाटलं.

तिसरं नाटक त्याच संध्याकाळी, फौजेवरचं. हेही नाव न घेता सांगतो. मोठा हॉल, मागे पूर्ण भिंतभर पडदा, त्यावर बर्फाचे डोंगर, धूर, हेलिकॉप्टर. तिकीट सगळ्यांत महाग.

वाचकांत बरेच माजी सैनिक आहेत. त्यांना वाटेल, आता हा चुका मोजणार. मोजल्या तर भरपूर होत्या. नाटकातला कॅप्टन उघड्या डोक्याने सॅल्यूट ठोकत होता, डोंगरावर लढतानाही छातीवर मेडल होती, आणि रायफलचा ट्रिगर एकदा दाबला की प्रवेश संपेपर्यंत गोळ्या संपत नव्हत्या. पण हे मी धरत नाही. दशावतारातल्या भीमाच्या मनगटावर मी घड्याळ पाहिलं आहे आणि त्याने महाभारताचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते दुसरीकडे. त्या नाटकातल्या जवानाला बोलण्याशिवाय काही काम नव्हतं. तो पहाऱ्यावर बोलतो, चढाई करताना बोलतो, गोळ्या लागल्यावर तर तीन मिनिटं बोलतो, वर संगीत. आणि तो मरतो तेव्हा हॉलमध्ये टाळ्या आणि शिट्ट्या. मला त्या टाळ्या कळल्या नाहीत. लोक वाईट नव्हते, मनापासून वाजवत होते. पण एक पोरगा मेला आहे आणि आपण टाळ्या वाजवतोय, हे त्या वाद्यांच्या गजरात कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

दुसऱ्या स्फोटाला उस्तादांनी कानातली दोन्ही मशीन काढून खिशात ठेवली. पुढचं नाटक त्यांनी मुक्याने पाहिलं. प्रयोग संपल्यावर निवेदकाने सांगितलं, सभागृहात कुणी माजी सैनिक असतील तर त्यांनी उभं राहावं, आपण त्यांचा सन्मान करू. चार-पाच माणसं उभी राहिली. सौ.ने उस्तादांना हाताने खुणावलं. ते तसेच बसून राहिले. नंतर विचारलं तर म्हणाले, "मशीन खिशात होतं." एवढंच.

रात्री उस्तादांच्या घरी जेवायला बसलो आणि मी या नाटकावर बोलायला लागलो. उस्ताद म्हणाले, "आमच्या तोफेवरचा पोरगा काहीच बोलला नाही. बोलायला वेळच कुठं होता?" मी म्हटलं, हेच तर, असली नाटकं बंद केली पाहिजेत.

सौ. पोळी वाढत होती. ती थांबली. म्हणाली, "अहो, मी रडले त्या नाटकात. तुम्हाला दिसलं असेलच. मग मी काय चुकीचं रडले का?"

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "कारगिलच्या वेळी यांचं एक पत्र यायचं. मी खुशाल आहे, काळजी करू नये. बस, दोन ओळी. बाकी सगळं मी टीव्हीवर बघत होते. परत आल्यावर तरी कुठं काही सांगितलं? पंचवीस वर्षं झाली. आम्हाला कळायचं कुठून? असल्याच नाटका-सिनेमांतून ना?"

सौ. म्हणाली, "त्या आईचा फोनचा प्रवेश होता, तो तर अगदी खरा होता."

हे मला मान्य करावं लागलं, कारण तो प्रवेश खरंच चांगला होता. आई फोनवर विचारते, जेवलास का, आणि पलीकडून आवाज तुटतो. ती फोन खाली ठेवत नाही. रेंज येईल म्हणून तसाच कानाला धरून उभी राहते. त्या दोन-तीन मिनिटांत मागचा पडदा काळा होता, संगीत नव्हतं, एकच बाई आणि तिच्या हातातला फोन. सगळ्या नाटकात ती एकटीच काहीतरी करत होती, म्हणजे वाट बघत होती. आमच्या हवालदारालाही तोच प्रवेश आवडला होता. म्हणाला, त्याची आई अजून फोन अशीच धरते.

वाद तिथे मिटला नाही. उस्ताद उठून हात धुवायला गेले. पण काकूंचं म्हणणं माझ्या डोक्यात राहिलं. आपण सांगत नाही, म्हणून दुसरं कुणीतरी आपल्या वतीने सांगतं, आणि ते मोठ्या आवाजात सांगतं. मग आपण म्हणतो, असं नसतं हो. कसं असतं ते मात्र सांगत नाही.

चौथं नाटक रविवारी, श्रीराम सेंटरला. धर्मवीर भारतींचं अंधा युग. हे १९५४ सालचं. सत्यदेव दुबे यांनी १९६२ मध्ये मुंबईत केलं आणि पुढच्याच वर्षी इब्राहिम अल्काझींनी दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या भग्न भिंतींत केलं. भारती पुढे मुंबईतच राहिले, धर्मयुगचे संपादक म्हणून, आणि १९७१च्या बांगलादेश युद्धात आघाडीवर जाऊन त्यांनी वृत्तांतही लिहिले. आम्ही पाहिला तो प्रयोग तरुण पोरांचा होता. मागे काळा पडदा, चार पायऱ्या, बाकी काही नाही.

महाभारताच्या युद्धाचा अठरावा दिवस. हस्तिनापूरच्या राजवाड्यात दोन पहारेकरी येरझाऱ्या घालत आहेत. राजवाड्यात राखण्यासारखं काही उरलेलं नाही. राजा आंधळा, मुलं रणात पडलेली, ओट्यांवर शुकशुकाट. तरी दोघे इकडून तिकडे, तिकडून इकडे. हातात भाले आणि ढाली, ज्या सतरा दिवसांत एकदाही वापराव्या लागल्या नाहीत. मग आकाशात गिधाडांचा थवा येतो आणि दोघे ढालीखाली डोकं लपवतात. ढालीचा एवढाच उपयोग.

मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. आसाममधल्या एका पोस्टिंगवर आम्ही एका शेडवर पहारा देत होतो. आतला माल हलवून झाला होता, पण पहारा उठवायचा हुकूम यायचा होता. अकरा दिवस, पावसात, दोन-दोन तासांच्या पाळ्यांनी, रिकाम्या शेडभोवती. रात्री कुणी आला की "थम, कौन आता है" सुद्धा म्हणायचो. भारती कधी गार्ड ड्युटीवर उभे राहिले नव्हते, पण ती चाल त्यांना बरोबर सापडली आहे. राज्य कुणाचंही येवो, ते दोघे शेवटपर्यंत चालत राहतात.

या नाटकात एक मुका सैनिक आहे. कौरवांकडचा. पाय जळालेले, जमिनीवर सरपटत पाणी मागतो. त्याला पाणी देतो युयुत्सू. युयुत्सू धृतराष्ट्राचाच मुलगा, पण सत्य पांडवांच्या बाजूला आहे म्हणून तिकडून लढलेला. जिंकून घरी आला तर कुणी त्याला जवळ करत नाही. तो पाणी घेऊन वाकतो, सैनिक त्याचा चेहरा बघतो आणि घाबरून मागे सरपटायला लागतो. त्याला जाळणारा अग्निबाण युयुत्सूचाच होता.

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. उस्तादांची मशीन कानातच होती.

बाहेर टपरीवर चहा घेताना ते आपणहून बोलले. "आपण तोफवाले. गोळा कुठं पडला ते ओपी सांगतो. कुणावर पडला ते कुणी सांगत नाही." ओपी म्हणजे पुढे डोंगरावर बसून मारा बघणारा. मग काकूंकडे बघून म्हणाले, "द्रासला रात्री मला हाच विचार यायचा. खुशाल आहे लिहायचो तेव्हा."

काकूंनी त्यांच्या हातातला रिकामा ग्लास घेतला आणि टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला.

परतीच्या गाडीत सौ.ने विचारलं, "रात्री दोन ते चारच्या पाळीत तुम्ही कसला विचार करता हो?" लग्नाला अठरा वर्षं झाली, हा प्रश्न पहिल्यांदा आला. मी सांगितलं, कुडाळ स्टेशनपासून घरापर्यंतची वळणं मोजतो, कुणाच्या परसात कुठलं झाड ते आठवतो. ती हसली. आणखीही एक गोष्ट सांगितली, ती इथे लिहिणार नाही. मथुरा कधी आलं कळलं नाही.

आता क्रमवारी. पहिलं अंधा युग, दुसरं चरणदास, तिसरं ते फौजी नाटक (फक्त आईच्या प्रवेशासाठी), आणि शेवटी मराठी विनोदी. सौ.ची यादी वेगळी आहे. तिच्या लेखी फौजी नाटक दुसरं. उस्तादांनी एकच नाव सांगितलं. हवालदाराचं विचारायलाच नको.

फौजेवर नाटक करणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. तुमच्या जवानाला भाषण देऊ नका, काम द्या. त्याला पहाऱ्यावर चालू द्या, रायफल साफ करू द्या, पत्रात दोन ओळी लिहून तिसरी खोडू द्या. तो काय बोलत नाही हे आमच्या बायकांना बरोबर कळतं. पडद्यावरचा बर्फ नसला तरी चालेल; एक बाकडं पुरे.

आणि माजी सैनिक मित्रांनो, दिल्लीकडे आलात तर एक संध्याकाळ मंडी हाऊसला काढा. भाषा येत नाही म्हणून मागे राहू नका. आपण आयुष्यभर दहा भाषांच्या लंगरमध्ये जेवलो आहोत. जाताना घरच्यांना सोबत न्या, आणि परतताना गाडीत झोपू नका. त्या वेळेला प्रश्न येतात.

जय हिंद.